आक्काताईंच्या पोरी

“परत म्हण.” सोनमच्या केसांतून फणी ओढत आक्काताई म्हणाल्या.

“मला मामाकडं जायाचं न्हाय.”

“मान वर करून. फरशीला सांगतीस काय?”

“मला मामाकडं जायाचं न्हाय, मॅडम.”

“हां. एवढंच बोलायचं. बाकी मी हाय की.”

कोल्हापुरातल्या त्या मुलींच्या बालगृहात आक्काताई काळजीवाहक होत्या. पोरी त्यांना मावशी म्हणत. सोनम सतरा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी कबनूरच्या मामानं तिचं लग्न लावायला काढलं, तेव्हा पोलिसांनी तिला हळदीच्या अंगानं मांडवातून उचलून इथं आणलं होतं. आता मामा तिला परत मागत होता, कॉलेजला घालतो म्हणत होता. पण मामेबहिणीनं फोनवर खरं काय ते सांगितलं होतं: नवरदेव तोच आहे आणि अजून थांबलाय. आक्काताईंनी ते अधीक्षकांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, “ऐकीव गोष्टींवर मी काय करू? मुलीला बालकल्याण समितीसमोर स्वतः बोलू दे. तिचंच म्हणणं धरतात.”

म्हणून ही तालीम चालली होती.

आक्काताईंच्या पोरी शिस्तीच्या, असं नाव होतं. कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या वर्षश्राद्धाला लोक इथं जेवण घालायला येत. पोरींनी ओळीत बसायचं, हात जोडायचे आणि पाहुण्यांनी काहीही विचारलं तरी ‘व्हय काका, व्हय काकू’ म्हणायचं. भाजी खारट असली तरी व्हय. कुणी नाक मुरडलं की आक्काताई डोळे वटारायच्या. पाहुणा नाराज झाला तर पुढच्या वर्षी दुसऱ्या संस्थेत जाईल आणि पोरींच्या ताटातलं गोड जाईल, एवढाच त्यांचा विचार. तो चुकीचा होता असं तरी कुठल्या तोंडानं म्हणायचं?

समितीसमोर मामा इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. टेबलावर त्यानं नृसिंहवाडीच्या पेढ्यांचा पुडा ठेवला.

“दत्ताचा परसाद हाय, मॅडम. पोरगी माझ्या लेकीवाणीच की. दोन सालं घर सुनं हाय.”

समितीच्या मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी पुडा बाजूला सारला आणि अगदी मायेनं विचारलं, “बाळ, मामा न्यायला आलेत. जाशील ना घरी?”

असंच मायेनं तर सगळे पाहुणे विचारत आले होते. सोनमनं शिकवल्याप्रमाणे मान वर केली. ओठ हलले. मग तिचे हात आपोआप जोडले गेले.

“व्हय, मॅडम.”

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं.

“नक्की ना?”

“व्हय, मॅडम.”

“आक्काताई, तुम्हाला काही सांगायचंय?”

मामा त्यांच्याकडे बघत होता. अधीक्षकही बघत होते. आक्काताईंची कंत्राटी नोकरी दरवर्षी त्यांच्याच शब्दावर पुढं सरकत होती. मांडव, हळद, फोन, सगळं आक्काताईंच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी हात जोडले.

“न्हाय, मॅडम.”

फाटकाबाहेर मामाची रिक्षा उभी होती. चढता चढता सोनम थांबली.

“मावशी, मी चुकलो काय?”

आक्काताईंना स्वतःचीच चीड आली, रडूही आलं. त्यांनी नुसती तिची ओढणी सारखी केली. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली.

संध्याकाळी गणपतराव नावाचे एक व्यापारी नातवाच्या वाढदिवसाचं जेवण घेऊन आले. पोरी ओळीत बसल्या. गणपतराव हौसेनं प्रत्येकीच्या ताटात जिलेबी वाढत फिरले.

“काय पोरींनो, झालंय का झ्याक?”

“व्हय काका,” सगळ्या म्हणाल्या.

शेवटच्या ताटावरची प्रीती नवी होती, जेमतेम सहा वर्षांची. ती म्हणाली, “भात कच्चा हाय.”

सगळी ओळ आक्काताईंकडे बघू लागली. आक्काताईंना वाटलं, हिला उचलून कडेवर घ्यावं, शाबास म्हणावं. पण गणपतरावांचा चेहरा उतरला होता, अधीक्षक दारात येऊन उभे होते, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांचे डोळे वटारले गेलेच.

प्रीतीनं पटकन हात जोडले.

“व्हय काका. झ्याक हाय.”