लग्नातली पँट

माणसाचं चारित्र्य त्याच्या कमरेवरून कळतं. ज्याने कंबर सुटू दिली नाही, त्याचं आयुष्यात काहीच सुटत नाही. हे वाक्य मी संध्याकाळच्या भाषणासाठी तयार केलं होतं. आरशासमोर ते खड्या आवाजात म्हणून पाहिलं, मोजा चढवायला वाकलो आणि पँट मागून टर्रकन उसवली.

ही साधी पँट नव्हे. माझी लग्नातली पँट. राखाडी, जाड कापडाची. लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला ती घालायची, बिनपट्ट्याची, आणि खाली राहणाऱ्या काटेवाल्यांच्या दारावरून दोनदा जायचं, हा माझा नेम. काटेवाल्यांचं वजनकाट्यांचं दुकान आहे. स्वतः मात्र त्यांनी काट्यावर उभं राहणं केव्हाच सोडलंय. सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळाचे ते अध्यक्ष. माझं भाषण त्यांनीच ठेवलं होतं, 'तरुणपणाची कंबर' या विषयावर. वर सर्वांसमोर म्हणाले होते, "येताना पँट घालून या. नाहीतर आम्ही नुसतं ऐकून घेणार नाही."

म्हणजे आज पँट नाही, तर मी नाही.

बायको घरी नव्हती. कपाटाच्या खणात अंगठा चेमटला होता, त्याची पट्टी बदलायला दवाखान्यात गेली होती. जाता जाता म्हणाली होती, "अहो, पँटीचं काही उसवलं-बिसवलं तर हात लावू नका. मी आल्यावर बघते." दवाखान्यात निघालेल्या बाईला हे कसं सुचलं, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता.

मी नोकरीभर कारखान्यात तपासनीस होतो. तयार मालातला केसाएवढा दोष शोधायचा, एवढंच काम. मला उसवलेली शिवण घालता येणार नाही? सुया-दोऱ्यांचा डबा काढला. बऱ्याच खटपटीनंतर सुईने दोरा स्वीकारला. पँट उलटी केली, खिडकीपाशी धरली आणि थिजलो.

मागच्या शिवणीशेजारी दुसऱ्या शिवणीची खूण होती. तिच्या शेजारी तिसरीची. बारीक भोकांच्या रांगाच रांगा, पाणी उतरत गेलेल्या टाकीच्या भिंतीवर रेघा राहतात तशा. कुठे काळ्या दोऱ्याचं टोक अडकलेलं, कुठे निळ्या. शिंपी आत जादा कापड ठेवतो, त्याला माया म्हणतात. ती काठापर्यंत वापरून झाली होती. पँट वर्षानुवर्षं सैल होत आली होती आणि मी तिच्यात वर्षानुवर्षं तेवढाच राहिलो होतो.

धक्का ओसरायच्या आत दुसरा बसला. शिवणीच्या वरच्या टोकाला एक तिकोनी तुकडा जोडलेला होता. रंग तोच, कापड तेच. ते आलं कुठून?

मी कपाट उघडलं. लग्नातला कोट हँगरला होता, समोरून अगदी रुबाबदार. फिरवून पाहिला. पाठीत चांगली खिडकी होती. तिच्यातून कपाटाची मागची फळी दिसत होती.

बायको आली तेव्हा मी पलंगावर लुंगी लावून बसलो होतो. एका मांडीवर पँट, दुसऱ्या मांडीवर कोट. तिने दोन्हींकडे पाहिलं.

"लावलात ना हात," ती म्हणाली.

"हे कधीपासून?"

"मुलगी झाली त्या वर्षापासून. पँट चढेना, तर तुम्ही धोब्याशी भांडून आलात, त्याने आटवली म्हणून."

"आटवलीच होती."

"मी दुपारी बसून बोटभर सैल केली. तुम्ही घातलीत आणि घरभर फिरलात, नवरदेवासारखे. मला वाटलं, एवढ्याशा दोऱ्याने माणूस एवढा खूश होतो, तर करावं."

"आणि मग?"

"मग काय. तुम्ही खूश होत राहिलात."

"अगं, पण कोट?"

"माया संपली होती. आणि कोट तुम्ही घालत नव्हतात."

मी अर्धा ग्लास पाणी प्यायलो. मग विचारलं, "काटेवाल्यांना हे माहीत आहे?"

"छे. त्यांच्या बायकोला आहे. हा तुकडा कसा जोडायचा, ते तिनेच तर शिकवलं."

"तिला कसं येतं?"

बायकोने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "त्यांच्या पँटी कोण वाढवतं मग?"

ज्या दारावरून मी इतकी वर्षं ऐटीत जात होतो, त्या दाराआड एक बाई माझी पाठमोरी शिवण तपासत होती. तपासनीस मी नव्हतोच.

"उठा," बायको म्हणाली. "माझा अंगठा चालत नाही. शिवण तुम्हालाच घालावी लागेल."

कोटाची एक बाही कामी आली. बायको सांगत होती आणि मी टोचून घेत होतो. "दोरा दुहेरी घ्या. एक टाका पुढे, अर्धा मागे. ओढू नका, चुरगळेल. कापडाला टोचा हो, बोटाला नाही." माझे टाके भांडून लांब लांब बसलेल्या नातेवाइकांसारखे दिसत होते. ती म्हणाली, "असू दे. आतून कोण बघतंय."

पँट चढवली. बसली. श्वास घेऊन पाहिला, तोही बसला.

मग मी आरशासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "आज मी सगळ्यांसमोर खरं सांगणार. ही पँट माझ्या संयमाची नाही, तुझ्या सुईची आहे. या शिवणीतली एकेक रांग मी त्यांना उलटी करून दाखवीन. काटेवाल्यांची मान खाली जाईल, माझीही जाईल, पण निदान एकदा—"

"सांगा की," बायको डब्यात सुया नीट लावत म्हणाली. "फक्त उभ्यानेच सांगा. खुर्ची दिली तर बसू नका."