सैल कातडी

वल्ही मारून मारून मुलीच्या तळहातांवर फोड आले होते. डाव्यावर दोन बारके, उजव्यावर एक चांगला टपोरा. उद्या सकाळी शर्यतीच्या होडीतल्या आठ जागांची निवड. त्यातल्या एका जागेसाठी पोरगी वर्षभर पहाटे उठत होती, आणि आता तिच्या शिंपी बापाला काही म्हणता काही सुचत नव्हतं.

नर्स असलेली आत्या फोनवर म्हणाली, "हात लावू नकोस, दादा. आपोआप जिरतील."

"कोच म्हणतात, कडेला टोचून पाणी काढायचं," मुलगी म्हणाली. "वरची कातडी मात्र तशीच ठेवायची, बाबा."

औषधवाल्याने तिसरंच काहीतरी सांगून एक मलम गळ्यात मारलं. बापाचं डोकं भंजाळलं. शेवटी त्याने कोचचं ऐकलं. सुई निदान रोजच्या हातातली.

सुई उकळली, स्पिरिट लावलं. टपोऱ्या फोडातलं पाणी निघालं, कातडी सुरकुतली आणि कडेला जराशी सुटली. तीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या कपड्यावर एक सुटा धागा राहू न देणारा हा माणूस. त्याला न विचारताच त्याचा हात कात्रीकडे गेला आणि सगळी कातडी गोल कापून मोकळा झाला. खालचं लाल मांस उघडं पडलं, तेव्हा कुठे आपण काय केलं ते त्याला कळलं.

"असू दे, बाबा," ओठ दाबून मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती घरी येऊन एवढंच बोलली, "या खेपेला नाही झालं." संध्याकाळी कोच पँटची कंबर सैल करून घ्यायला दुकानात आले.

"हातामुळे जमलं नाही ना तिला?" बापाने भीत भीत विचारलं.

"छे, तसल्या हाताने झकास वल्हवलं. पण कातडी स्वतःच कापली म्हणाली. शंभरदा बजावलं होतं, मास्तर. सांगितलेलं न ऐकणाऱ्याला मी होडीत बसवत नाही."

बापाने कंबर दोनदा मोजली. दोन्ही वेळा आकडा डोक्यात शिरला नाही. लाजेने त्याचे कान तापले.

"तिने नाही. मी कापली."

"नावं कळवून झाली हो," कोच म्हणाले. "पण मग ती तसं बोलली का नाही?"

शिंप्याला ते ठाऊक नव्हतं. घरी जाऊन तिला विचारायचं कोणत्या तोंडाने, तेही ठाऊक नव्हतं.