कपाटामागे राहिलेली भिंत

“मग ही काय आहे? सांग ना आई, ही काय आहे?”

“ठेव ती खाली.”

“खाली काय ठेव! चार वर्षं सगळी गल्ली आपल्या दारावरून नाक दाबून जाते, आणि ही बया इथं कपाटामागे आरामात उभी!”

“आवाज खाली कर. खिडकी उघडी आहे.”

“असू दे उघडी. बाबांनाच विचारतो.”

भांडण चाललं होतं माझ्यावरून आणि मला मात्र कुणी विचारत नव्हतं. म्हणून आता मीच बोलतोय. मी खताचा ड्रम. फिरता. चार लोखंडी पायांवर आडवा टांगलेला, अंगानं अष्टकोनी, रंगानं काळा. पोटात ओला कचरा घ्यायचा, बरोबरीनं सुका पाला घ्यायचा, दोन-तीन दिवसांनी पाच गिरक्या खायच्या आणि दोन-अडीच महिन्यांनी भुसभुशीत खत द्यायचं, हे माझं काम. ते मी उभ्या आयुष्यात एकदाही केलं नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी आशेनं ऐकायला नको.

जन्म माझा साच्यातला. या घरी आलो तो चपट्या खोक्यात, तुकड्या-तुकड्यांनी. आठ फळ्या, दोन बाजूंची दोन तोंडं, दोन सरकती दारं, एक लोखंडी दांडा, चार नळ्यांचे पाय, मूठभर स्क्रू आणि एक कागद. आणि अगदी तळाशी, पुठ्ठ्याला चिकटून बसलेली मधली भिंत. मोठ्या परातीएवढी. ती पोटात बसली की माझे दोन खण होतात. एका खणात महिना-दीड महिना कचरा टाकायचा, मग तो खण बंद करून पिकू द्यायचा आणि दुसरा भरायला घ्यायचा. माझी सगळी अक्कल म्हणाल तर त्या भिंतीत आहे. बाकी मी म्हणजे दार असलेलं पिंप.

खोकं धाडलं होतं मुलानं. तो दुसऱ्या गावी नोकरीला. बाप निवृत्त झाला, त्याच्या हाताला काहीतरी काम हवं, म्हणून.

बापाला सगळी गल्ली फिटर म्हणते. चाळीस वर्षं कारखान्यात यंत्रं जोडली त्यानं. म्हणून बायको फिटरीण. निवृत्तीच्या आधी वर्षभर फिटरच्या उजव्या हाताला कापरं भरायला लागलं होतं. साहेबांनी त्याला यंत्रावरून उठवलं आणि सामानाच्या खोलीत खुर्चीवर बसवलं. निरोपाच्या दिवशी सगळे त्याच्याबद्दल चांगलं बोलले. त्याच्या हातांबद्दल कुणीच काही बोललं नाही.

फिटरीण शाळेत गेली नव्हती. औषधाच्या बाटल्या, पुड्यांचे कागद, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत आपली आपण शिकली, आणि शिकली ती अशी की छापलेल्या मजकुरातल्या चुका काढायला लागली. दुसऱ्याची चूक तिला दहा हातांवरून दिसायची. स्वतःची कधीच नाही. भाजी खारट झाली तर मीठ हल्ली जास्त खारट येतं. रस्ता चुकला तर गावानं रस्ता हलवलेला. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, पण ‘चुकलं’ हा शब्द फिटरनं तिच्या तोंडून ऐकला नव्हता. तो हसून म्हणायचा, “हिच्या तोंडात तेवढा एक दात नाही.”

मला जोडायला फिटरला तीन दिवस लागले. त्यानं अंगणात चटई टाकली. डब्यांची झाकणं उलटी मांडून लांबीप्रमाणे स्क्रू वेगळे केले. फिटरीण उंबऱ्यात बसून कागद वाचत होती.

“आकृती तीन म्हणतेय, आधी मधली...”

“आकृती तीनला म्हणावं, चाळीस वर्षं मी तुझ्यावाचून भागवलं.”

“कागद ऐकायला काय हात झिजतात?”

“तू स्वयंपाक कागद वाचून करतेस?”

“मला येतो म्हणून नाही वाचत.”

“मग मी काय येत नाही म्हणून बसलोय इथं?”

तिचं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. स्क्रूचं टोक भोकाभोवती नाचत होतं, आत जात नव्हतं. फिटरीणनं कागदाची घडी घातली आणि ती आत निघून गेली. आकृती तीन तशीच राहिली.

जोडणी मात्र देखणी झाली. ही त्याच्या धंद्याची रीत होती: आधी सगळे स्क्रू हातानं सैल लावून घ्यायचे, मग आवळताना शेजारचा कधी घ्यायचा नाही, समोरासमोरचे घ्यायचे, म्हणजे अंग एका बाजूला ओढलं जात नाही. कापरा हात दुसऱ्या हातानं मनगटाशी धरून त्यानं एकेक स्क्रू आवळला. तिसऱ्या दिवशी दुपारी एका बोटानं मला ढकललं आणि मी अशी गिरकी घेतली की काय सांगू! कुठं खरखर नाही, कुठं डुगडुग नाही. फिटर चटईवर मागं रेलला आणि लहान पोरासारखा हसला.

तेवढ्यात फिटरीण आतून आली. खोकं मोडून ठेवायला घेतलं होतं तिनं, आणि तळाला चिकटलेली मधली भिंत तिच्या हातात आली होती. तोंड उघडलं होतं. वाक्य अगदी ओठांवर. ‘म्हटलं नव्हतं मी?’ याच्यासारखं आवडतं वाक्य तिला दुसरं नव्हतं.

तिनं त्याला हसताना पाहिलं. तोंड मिटलं. भिंत पदराआड धरून आत गेली आणि ती कपाटामागे सारली.

तिथून माझे हाल सुरू झाले. फिटर मोठा शिस्तीचा. डाव्या दारातून महिनाभर कचरा टाकायचा, मग डावं दार बंद. मग उजव्या दारातून. “डावा पिकतोय,” असं आल्यागेल्याला सांगायचा. कसला डावा आणि कसला उजवा! आत सगळं एकच पोट. जरा कुठं जुनं कुजून मातीला यायला लागलं की वरून आजच्या साली, आजची देठं, आजचा चोथा. पाच गिरक्या, आणि जुनं-नवं एकजीव. मला पिकायला उसंत म्हणून मिळाली नाही. महिना-दोन महिने टाकणं थांबवलं असतं तरी चाललं असतं. पण थांबा म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. फिटरला दिसलं कसं नाही म्हणाल, तर आत अंधार, पोट भरलेलं, आणि त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत आलेला.

अडीच महिन्यांनी त्यानं जाहीर केलं, “उद्या डावा खण काढायचा.”

त्या दिवशी फिटरीणनं त्याला न्हाव्याकडे पिटाळलं. “डोक्याचं काय झाडू करून ठेवलंय, जा आधी!” तो गल्लीचं वळण घेईपर्यंत तिनं पदर खोचला, माझं दार उघडलं आणि आतला ओला, आंबूस लगदा घमेल्यांनी उपसला. तो मागच्या भिंतीशी खड्ड्यात पुरला. आदल्या दिवशी रोपवाटिकेतून आणलेलं खताचं पोतं माझ्या पोटात ओतलं. रोपवाटिकेवाल्यानं विचारलंही होतं, “बाई, तुमच्याकडे ड्रम आहे म्हणे. मग हे कशाला?”

“ड्रमला खायला,” ती म्हणाली होती.

फिटर डोकं गुळगुळीत करून आला, आत हात घातला, मूठ नाकाशी नेली. “बघ! मातीचा वास. दाणा बघ कसा पडलाय!”

“बघितला,” ती म्हणाली.

असं चार वर्षं चाललं. लोक त्याला विचारायला यायचे, तो खताच्या पुड्या बांधून द्यायचा. आणि मी परक्याच्या खताचं कौतुक अंगावर घेऊन गिरक्या मारायचो. शरम कुणाला सांगणार? मधल्या दिवसांत माझा वास सुटायचा तो सुटायचाच. शेजारच्या मास्तरीणबाई कंपाउंडवरून म्हणायच्या, “अहो, हल्ली फारच येतो हो वास.” फिटरीण फटकन् म्हणायची, “नाक धुऊन या एकदा.” आणि संध्याकाळी गुपचूप वाकून माझ्या पोटात सुका पाला आणि भुसा कोंबायची. तेवढ्यानं काय होणार?

फिटरचं अंग हळूहळू आखडलं. आधी काठी आली, मग खिडकीतली खुर्ची. मला फिरवायचं काम फिटरीणकडे आलं. तो खिडकीतून मोजायचा, “तीन... चार... पाच. बस.” दिवसभरात तेवढंच स्पष्ट बोलायचा. आता त्याला न्हाव्याकडे पाठवायची सोय राहिली नाही. मग ती पोतं स्वयंपाकघरातच ठेवायची आणि त्यातलं मूठभर आणून त्याच्या तळहातावर ठेवायची. हात हलायचा, खत फरशीवर सांडायचं. तो म्हणायचा, “चांगलं झालंय.” ती केरसुणी आणायची.

खरं काय ते फिटरीणनं तेव्हा तरी सांगायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मलाही वाटायचं. पण त्याच्यापाशी उरलं होतं काय? कारखाना गेला, हात गेले, चालणं गेलं. हातांनी शेवटचं धड केलेलं असं एकच होतं, अंगणातला मी. आणि मी हा असा.

मग गेल्या आठवड्यात मुलगा आला. डॉक्टरांनी वर-खाली होणारी खाट आणायला सांगितली होती, तिच्यासाठी जागा करायची म्हणून त्यानं कपाट सरकवलं. मागं ती भिंत. मुलगाही शेवटी फिटरचाच. वस्तू कशाची आहे हे त्याला एका नजरेत कळलं. बाहेर येऊन त्यानं माझं दार सरकवलं, आत डोकावला, आणि भांडण जुंपलं. सुरुवात तुम्ही ऐकलीच.

शेवट सांगण्याआधी पुढं काय झालं ते सांगून टाकतो. कारण तिचं वाक्य मला शेवटी ठेवायचंय. त्यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही.

पोरगा त्याच दुपारी भिंत बसवायला बसला. अजून काही बिघडलं नाही, तासाभराचं काम, म्हणाला. पण स्क्रू गंजून फळीत रुतलेले, आणि चार उन्हाळे खाऊन माझं अंग पापडासारखं झालेलं. तिसऱ्या स्क्रूला पहिली फळी तडकली. सहाव्याला दुसरी. संध्याकाळपर्यंत मी पुन्हा तुकड्या-तुकड्यांचा झालो, फक्त खोकं तेवढं नव्हतं. आता मी कंपाउंडला टेकून पडलोय. सर्वात वर ती मधली भिंत. नवी कोरी, तुकतुकीत. उन्हात पहिल्यांदाच आलीय. भंगारवाला सकाळी येऊन बघून गेला. पाय नेतो म्हणाला, दांडा नेतो म्हणाला. काळं प्लास्टिक कुणी घेत नाही.

फिटर अजून खिडकीतच बसतो. भेटायला येणाऱ्यांना अडखळत सांगतो, “जोडणी... माझी... पक्की होती.” फिटरीणशी मात्र त्या दिवसापासून एक शब्द बोललेला नाही. ती ताट घेऊन आली की मान भिंतीकडे वळवतो. ती घास धरून उभी राहते. मान वळेपर्यंत उभीच राहते. मग पुन्हा दुसरा घास. मी रोज बघतो.

तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी आला तर शेवटचा स्क्रू आवळण्याआधी खोक्याचा तळ बघा. एवढीच विनंती. माझ्यासाठी आता करण्यासारखं काही नाही.

तर, मुलगा भिंत हातात नाचवत खिडकीखाली गेला.

“बाबा, ही बसवायची राहिली होती का हो तुमची? अहो, हिच्याशिवाय ड्रम चालेलच कसा? चार वर्षं नुसतं घाण घुसळत बसलो आपण!”

“अरे गप्प बस ना मेल्या,” फिटरीण म्हणाली. तिचा आवाज मी कधी इतका बारीक ऐकला नव्हता.

फिटरनं भिंतीकडे पाहिलं. मग मांडीवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. ते हलत होते.

“मोजल्या होत्या मी,” तो म्हणाला. “आठ फळ्या. दोन तोंडं. दांडा... मी... मोजल्या होत्या ना?”

“मग ही मोजली नाहीत! खोक्यात राहिली, दुसरं काय? आई म्हणत असेल कागद वाचा, आणि तुम्ही...”

“मी... आठ...” आणि फिटर पहिल्यापासून मोजू लागला. बोटं वळत नव्हती. ओठ हलत होते, आकडा पुढं सरकत नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरताना मी पाहिलं.

फिटरीण मुलाला बाजूला सारून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. गजांना दोन्ही हातांनी धरलं. कंपाउंडपलीकडे मास्तरीणबाई कपडे वाळत घालायच्या थांबल्या होत्या. त्यांनाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली:

“त्यांनी बसवली होती ती नीट, मीच धुवायला म्हणून काढली आणि परत लावली नाही, माझं चुकलं.”