शिवगंगाबाईंची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे, गाण्याची. माझ्या भात्यातून आता निम्मा वारा निसटतो, म्हणून थांबत थांबत सांगते.

लातूरच्या शिवगंगाबाईंनी मला हौसेने आणलं. बाई मोठ्या घरच्या. नवरा सरकीचा व्यापारी. तो गेल्यावर रिकाम्या गोदामात त्यांनी गाण्याची फुकट शाळा काढली. दूरदूरचे गवई बोलवायच्या, त्यांना स्वतः वाढायच्या. पार देवणीहून मुलं यायची. माझं फार कौतुक व्हायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. दीर गुरुपादप्पा तणतणत आले. "वैनी, लोकास्नी प्यायला पानी न्हाई, अन् तुमी गानं घेऊन बसलाव?"

बाईंच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी शाळा बंद केली, तिथेच भुकेल्यांसाठी चुली पेटवल्या. मी कपाटात गेले. त्या उन्हाळ्यात माझं लाकूड तडकलं.

एके दिवशी खडी फोडायला जाणारी चांगुणा भाकरी घेता घेता म्हणाली, "बाई, पोटाचं भागलं. पन गानं का हो बंद केलं? आमी कामावरून येताना भिंतीआड बसून ऐकत होतो. तेवढाच जीव हलका व्हायचा."

बाईंनी मला बाहेर काढलं, पदराने पुसलं आणि चांगुणाला शेजारी बसवलं. "नुसती ऐकू नको. म्हण."

तिचा घसा कोरडा होता, पण सूर पक्का लागला. तेव्हापासून रोज चुली विझल्या की गाणं व्हायचं. दुष्काळ सरला आणि शाळा पुन्हा भरू लागली.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्यांना जागा हव्या होत्या. गुरुपादप्पा म्हणाले, "देऊन टाका गोदाम. किती दिवस वढनार आता?"

बाई खरंच दमल्या होत्या. गुडघे गेले होते, शिकायला येणारी मुलं पांगली होती. दोन दिवस त्या माझ्यासमोर बसून राहिल्या. एकही पट्टी दाबली नाही. मग त्यांनी चांगुणाला बोलावलं.

"मी थकले गं. उद्यापासून शाळा तू चालव."

"मला तं सही बी येत न्हाई, बाई."

"सूर चुकला तर कळतो ना? मग झालं."

वर्षभरात बाई गेल्या. चांगुणाने पुढे चौदा वर्षं शाळा चालवली. आता तीही नाही. भिंतीवर बाईंचा फोटो आहे. पुण्यतिथीला मोठी माणसं येतात, भाषणं करतात, आणि हारांची टोपली माझ्यावर ठेवतात.

मित्रांनो, तेवढी टोपली उतरवा. माझ्या दोन पट्ट्या मुक्या झाल्यात, बाकीच्या अजून बोलतात. हार मागाहून घाला. आधी कुणीतरी गा.