बुटकी खिडकी

आमच्या सुनेला कादंबऱ्यांचं वेड. मी इस्त्री फिरवते, ती कपड्यांवर पाणी मारता मारता मोठ्यानं वाचते. मला अक्षर अक्षर जुळवावं लागतं, म्हणून मी नुसती ऐकते. एका कादंबरीत एक कचेरी होती. तिथली खिडकी इतकी खाली, की बोलायचं तर कमरेत वाकावंच लागे. लेखकाचं म्हणणं, ती मुद्दाम तशी केलेली.

"मुद्दाम कशाला? सुतार बुटका असेल," मी म्हटलं. सून खो खो हसली.

मग नोटीस आली. रस्ता रुंद होणार, त्यात आमचं इस्त्रीचं दुकान आणि मागची खोली जाणार. दुसरी जागा मिळेपर्यंत मुदत वाढवून मागायला मी, मुलगा आणि सून कचेरीत गेलो.

खिडकी माझ्या पोटाशी आली. पुढचे सगळे वाकलेले. पैलवानासारखा एक गडीसुद्धा मान आत खुपसून "साहेब, साहेब" करत होता. मी सुनेकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे.

आमची पाळी आली. मी ताठ उभी राहिले.

"आजी, खाली वाका. ऐकू येत नाही."

"तुम्ही उभे राहा की. पाय दिलेत ना देवानं?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. आतला उठला. मला त्याच्या शर्टाची बटणं तेवढी दिसली.

"मुदत मिळणार नाही," बटणं म्हणाली. "चला, पुढचे या."

बाहेर मुलगा भडकला. "आई, जरा वाकली असतीस तर काय कंबर मोडली असती?"

"अहो, ती खिडकीच मुद्दाम..." सून बोलायला गेली.

"तू गप. तुझी कादंबरी देणार आहे का आपल्याला जागा?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मुलगा पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच्या शर्टाला सकाळी मीच कडक इस्त्री केली होती. तो खिडकीशी वाकला. पाठीवरची घडी मोडली. बराच वेळ तो तसाच होता.

"तीन महिने दिले," येऊन म्हणाला. माझ्याकडे बघितलं नाही.

"बरं," मी म्हटलं.