खुर्ची आली आणि मी अंगणात गेलो

मित्रांनो, मी एक जुना पाटा आहे. दूरदेशीच्या वाहाका प्रांतातल्या डोंगरातल्या काळ्या दगडाचा, तीन पायांचा. एर्मेलिंदाच्या लग्नात तिच्या धर्ममातेने माझ्यावर फुलं रंगवून मला आणलं आणि नवरी मला पाठीवर घेऊन गावभर नाचली. ती दमली नाही, वाजवणारे दमले.

आमच्याकडे पाटा ज्या बाईचा, तिचाच. दुसरीने हात लावायचा नाही. रोज पहाटे ती गुडघे टेकून शिजवलेला मका माझ्यावर रगडायची. सणाला माझ्या पोटाखाली निखारे ठेवून कोको वाटायची. खांद्यापासून बोटांपर्यंत सगळं अंग त्यात घालायची, आणि तोंडही चालूच. कोणाची मुलगी कोणाशी पळाली, कोणी कोणाचा बांध कोरला, सगळं गाव तिच्या डोक्यात. नात इत्सेल समोर बसून बघायची. मी गुळगुळीत झालो की टाकी लावायला पाथरवट यायचा.

"नीट मार रे," एर्मेलिंदा त्याला सुनवायची, "माझा पाटा आहे, तुझ्या सासूची पाठ नाही!"

एकदा शेजारीण ओबदुलियाने कुंपणावरून खडा टाकला. "काय गं, पोरगा सीमेपलीकडे उत्तरेत कमावून आला, तरी तू रगडतेसच? सून झोपते वाटतं?"

"तुझी सून उठते, म्हणून तर तुझ्याकडची भाकरी कुत्रंसुद्धा खात नाही!"

पण एर्मेलिंदाच्या मुलाने, फिदेन्सिओने, ते ऐकलं होतं. आमच्या गावात म्हातारी खुर्चीत बसली की मुलं गुणाची ठरतात. त्याने विजेचा मिक्सर आणला, गिरणीचं पीठ लावलं आणि वेताची देखणी खुर्ची आणली.

"आई, आता बस्स. खूप केलंस."

"मी मेले का रे, मला असं बसवायला?"

"लोक नावं ठेवतात गं. माझ्यासाठी बस."

लेकासाठी बसली. मी अंगणात गेलो, माझ्यावर फुलांची कुंडी आली. मित्रांनो, कोणाच्याच मनात वाईट नव्हतं. तेच तर वाईट झालं.

आधी तिचे दंड ओघळले. मग बरणीचं झाकण उघडेना. मग आधाराशिवाय खुर्चीतून उठता येईना. आणि मग बांध कोणी कोरला, तेही आठवेना. इत्सेल तिला आरोग्य केंद्रात घेऊन गेली. तिथे मुठीत दाबायचं एक यंत्र देतात. काटा जेमतेम हलला.

परत आल्यावर इत्सेल अंगणात बापाला म्हणाली, "म्हातारपणी अंगातली ताकद आणि डोकं बरेचदा बरोबरीनं उतरतात, असं नर्स म्हणाली. एकामुळेच दुसरं होतं असं नाही. पण हातपाय चालते ठेवायला हवे होते."

"आता सांगतेस होय!" फिदेन्सिओ ओरडला, आणि मग माझ्या कडेला टेकला. "मी तिला सुख दिलं गं."

"दिलंस, बाबा. सगळं एकदमच दिलंस."

इत्सेलचं लग्न ठरलं होतं. लग्नाचा कोको आजीनेच वाटावा, एवढीच तिची हौस. बापाने कुंडी उतरवली, मला घासून धुतलं, निखारे ठेवले. दोघांनी धरून तिला चटईवर गुडघ्यांवर बसवलं. तिचे हात बरोब्बर वरवंट्यावर पडले. एकदा रेटला. दुसऱ्यांदा तो जागीच अडला. रेटायला बळ उरलं नव्हतं. बोटांनी मात्र तिने मला चाचपलं.

"गुळगुळीत झालाय मेला. पाथरवटाला बोलवा."

सगळे रडता रडता हसले. "बोलावते हं, आजी," इत्सेल म्हणाली.

तिने मान वर केली. "तू कोणाची गं पोर?"

तिने मला ओळखलं होतं, मित्रांनो. मी दगड, पण त्या दिवशी ती ओळख मलाही पेलवली नाही. लग्नाचा कोको शेवटी मिक्सरमध्ये झाला.

घरातल्या म्हाताऱ्यांना मान द्या, खुर्चीही द्या. पण त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नका. जड झालं तर निम्मं करा, शेजारी बसून हात लावा. त्यांना रिकामं करू नका.

दुसरीने हात लावायचा नाही, ही रीत इत्सेलने मोडली आहे. रोज सासरहून येते, आजीचे हात वरवंट्यावर ठेवते, त्यावर आपले ठेवते आणि मूठभर मका रगडते. गेलेलं परत येणार नाही, हे तिला ठाऊक आहे.

"छान रगडतेस गं," आजी रोज म्हणते. "कोणी शिकवलं तुला?"

इत्सेल खाली बघून रगडत राहते. आणि मला सांगता येत नाही.