बी साइडची शेवटची सात मिनिटं

डोंबिवली पूर्वेला एकेकाळी 'लेन हॅरॉप एकल मंडळ' नावाची संस्था होती, असं सांगितलं की लोक माझ्याकडे कीव करून बघतात. बघू देत. संस्थेला घटना होती, इतिवृत्ताची वही होती आणि तीन सभासद होते. हरिहर बँकेत होता आणि टेपरेकॉर्डर त्याचा असल्यामुळे तो अध्यक्ष. रतन एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात केमिस्ट. त्याची नखं आठवड्यानुसार जांभळी किंवा हिरवी असायची. तिसरी मी, उत्तरा, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. आठवडाभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि आपण गप्प बसायचं, अशी नोकरी. त्यामुळे रविवारी माझं तोंड जरा जास्तच सुटायचं.

लेन हॅरॉप हा 'आयर्न ऑर्चर्ड' या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवाला. बँड जगप्रसिद्ध. आमच्या वेळी कॉलेजच्या होस्टेलात गणपतीच्या तसबिरीशेजारी त्यांचं पोस्टर असायचं. पण बँडला सुट्टी असताना हॅरॉपने एकट्याचे तीन अल्बम काढले होते, आणि ते इंग्लंडातही फारसे कुणी ऐकले नव्हते. आमचं म्हणणं, खरा हॅरॉप तिथेच आहे. बँडमध्ये तो बाकीच्यांच्या गोंगाटावर ओरडतो. एकटा असला की बटाटे सोलता सोलता स्वतःशी बोलावं तसा वाजवतो. दर रविवारी चार वाजता हरिहरच्या घरी आम्ही ते अल्बम ऐकायचो, चहा घ्यायचो आणि भांडायचो. सोळा नोव्हेंबरला हॅरॉपचा वाढदिवस, म्हणून मी फडके रोडवरून पेढे आणायची. "हा लेन कोण? घरी कोण कोण असतं?" असं आईने एकदा फार आशेने विचारलं. तो एकोणपन्नास वर्षांचा असून त्याची दोन लग्नं झाली आहेत हे कळल्यावर तिने उचललेला पेढा परत डब्यात ठेवला.

तिन्ही अल्बमांत आमचा जीव 'विंटर किचन'वर. १९८४ साली रतनने तो ठाण्याला जांभळी नाक्याजवळच्या 'सरस्वती रेकॉर्डिंग सेंटर'मधून भरून आणला होता. तेव्हा असंच चालायचं. रेकॉर्ड दुकानदाराकडे असायची, आपण साठ मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची आणि आठवड्याने न्यायला जायचं. दुकानाचे मालक दाजी आतल्या कागदावर सुवाच्य अक्षरात गाण्यांची नावं लिहून देत. 'विंटर किचन'च्या कागदावर नऊ नावं होती. कॅसेटवर मात्र रचना दहा होत्या.

ती दहावी, बी साइडची शेवटची सात मिनिटं, आम्ही तिला 'बिननावाची' म्हणायचो. नुसती गिटार. आधी सूर चाचपडतात, मग एक धून हळूहळू वर चढते, आणि चौथ्या मिनिटाला, सगळं जमून आलेलं असताना, बोट घसरल्यासारखा एक सूर खाली येतो आणि वादक थांबतो. चांगला तीन सेकंद. मग त्या घसरलेल्या सुरापासूनच पुन्हा सुरुवात करतो. त्या तीन सेकंदांवर मी नऊ पानी निबंध लिहिला होता. शिवाय मागे कुठेतरी तीन शिट्ट्या ऐकू येत. मला पहिल्याच दिवशी वाटलेलं की हा कुकर आहे. पण इंग्लंडात वरणभाताचा कुकर कोण लावणार? रतनने निकाल दिला की ती किटली. अल्बमचं नावच किचन आहे. हरिहरने तसा ठराव लिहिला आणि तो एकमताने संमत झाला.

१९९१च्या जानेवारीत वाचनालयाने आम्हाला एका रविवारी हॉल दिला. बाहेरच्या फळ्यावर 'श्रवणसंध्या – विंटर किचन' आणि खाली माझं नाव. मी बिननावाचीवर तासभर बोलणार होते. नेमका त्याच महिन्यात तानाजी बोटीवरून परत आला.

तानाजी ठाण्याचा, हरिहरचा शाळासोबती, मर्चंट नेव्हीत इंजिनिअर. बंदराबंदरांतून ओरिजिनल रेकॉर्डी आणायचा आणि त्यांना कुणाला हात लावू द्यायचा नाही. तो कट्टर बँडवाला. हरिहरच्या घरी खुर्चीत पसरून त्याने आमचा कार्यक्रम ऐकून घेतला.

"एकट्याचं काय ऐकता रे? हॅरॉप म्हणजे आयर्न ऑर्चर्ड. विषय संपला," तो म्हणाला. "आणि ते दहावं कुठलं आणलंत? माझ्याकडे रॉटरडॅमहून घेतलेली रेकॉर्ड आहे. गाणी नऊ."

"मग तुझी रेकॉर्ड अपुरी आहे," मी म्हटलं.

"असं? मग हॉलवर घेऊनच येतो. दहावं हॅरॉपचं निघालं, तर रेकॉर्ड मंडळाला देऊन टाकेन. नाही निघालं, तर तू सगळ्यांसमोर उभी राहून म्हणायचं, 'बँड सोडला की गिटारवाला अर्धा.' आणि हरिहर, तू ते तुझ्या वहीत लिहायचंस."

"लिहा खुशाल," मी म्हटलं. राग आला की मला पुढचं दिसत नाही. वाक्य एवढंसं होतं, पण मी सहा वर्षं त्याच्या बरोबर उलट बोलत आले होते. ते मी माझ्या तोंडाने चारचौघांत म्हणायचं आणि आमच्याच वहीत कायमचं लिहिलं जायचं, या कल्पनेने मला त्या रात्री झोप लागली नाही.

शनिवारी मी ती कॅसेट पर्समध्ये टाकून ठाण्याला गेले. दाजी आता म्हातारे झाले होते. त्यांनी कॅसेट यंत्रात घातली, शेवटची सात मिनिटं लावली आणि अर्ध्या मिनिटात ओळखली.

"ही होय? ही उरलेली टेप," ते म्हणाले. "त्या रेकॉर्डची पहिली बाजू तुमच्या कॅसेटीत बरोबर बसली, दुसरी सात मिनिटं कमी पडली. मागे कोरं सोडलं की गिऱ्हाईक भांडायला येतं, आमची टेप वाया घालवली म्हणून. मग मी काहीतरी भरून द्यायचो. भजनांच्या मागे भजन, लावण्यांच्या मागे लावणी. इंग्रजीवाल्यांचं काय करायचं, हा मोठा प्रश्न होता. आमचा चंदू एकदा दुपारी वर घरी बसून गिटार वाजवून गेला होता, ते मी जपून ठेवलेलं. तेच द्यायचो. इंग्रजीवाले कधी तक्रार घेऊन आले नाहीत."

"आणि त्या शिट्ट्या?"

दाजींनी पुन्हा ऐकलं. "आमच्या हिचा कुकर. तीन म्हणजे तुरीची डाळ."

मी दुकानाच्या पायरीवर आले आणि मला रडू फुटलं. ठाण्यातल्या डाळीला आम्ही इंग्लंडातली किटली म्हणत होतो, त्याची लाज होतीच. पण जास्त दुःख माझ्या नऊ पानांचं होतं. नाक पुसता पुसता मला वाटलं, पण पानं कुठे खोटी ठरली? कुणीतरी वाजवलंय ना ते? मी परत आत गेले आणि दाजींकडून पत्ता घेतला.

चंदू नाखवा चेंदणी कोळीवाड्यात राहायचा. बावीस वर्षं तो 'एकवीरा बेंजो पार्टी'त गिटार वाजवत होता. ठाण्यापासून विठ्ठलवाडीपर्यंत कुणाच्याही घरची हळद असो, एकवीरा आली की म्हातारेकोतारेसुद्धा नाचायला उठायचे. मी गेले तेव्हा पंचावन्नच्या आसपासचा तो काळासावळा माणूस ओट्यावर बसून गिटारच्या तारा पुसत होता आणि त्याची बायको मनुबाई मासळीची पाटी धूत होती. मी सगळी हकीकत एका दमात सांगितली.

"मी वाजवलेला? कवा?"

"चौऱ्याऐंशी साली. दाजींच्या घरी."

"मना नाय आठवत, बाय."

"आम्ही दर रविवारी ऐकतो. सहा वर्षं झाली."

मनुबाईने पाटी खाली ठेवली. "ह्याचा? एकल्याचा?" तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घरान वाजवाया बसला का मी ह्याला भायेर घालवतंय."

ओट्यावर टेपरेकॉर्डर नव्हता, म्हणून मी ती धून गुणगुणायला लागले. माझा आवाज असा आहे की एक्स्चेंजमध्ये लोक मला दादा म्हणतात. पण चंदूने मान तिरकी करून ऐकलं आणि बोटं तारांवर फिरवायला सुरुवात केली. थोडं तो, थोडं मी, असं आम्ही पुढे सरकत राहिलो. चौथ्या मिनिटाची जागा आली आणि तो सरळ पुढे निघून गेला.

"नाही, नाही. तिथे तुम्ही खाली घसरता. मग थांबता."

"तिथं चुकलो आसन मी."

"चुकला नाहीत," मी जवळजवळ ओरडलेच. "तीच तर जागा आहे. सगळं मनासारखं जमलेलं असताना तुम्ही हात सोडून देता, आणि मग जिथे पडलात तिथूनच उठता. नऊ पानं लिहिली आहेत मी त्यावर."

त्याने मनुबाईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मुकाट्याने ती जागा माझ्या सांगण्याप्रमाणे वाजवली. थांबला कमी म्हणून मी पुन्हा वाजवायला लावली. तिसऱ्या खेपेला तो खरंच थांबला, आणि त्या तीन सेकंदांत मनुबाईचाही हात पाटीवर थांबला.

"बरी हाय जागा," तो हळूच म्हणाला.

रविवारी त्यांची विठ्ठलवाडीला हळद होती, आठ वाजता. मी त्याला म्हटलं, वाटेत डोंबिवलीला उतरा, टेम्पो तुम्हाला हॉलवरून घेऊन जाईल. तो येईल असं मला वाटलं नव्हतं.

हॉलमध्ये पस्तीसेक माणसं जमली. त्यांतली निम्मी निवृत्त मंडळी होती. वाचनालयात काहीही असलं तरी ती येतात. तानाजीने दोन्ही हातांनी रेकॉर्ड लावली. नऊ गाणी झाली आणि सुई उचलली गेली. मफलरवाले एक आजोबा "छान, शांत वाजवतो," असं म्हणाले, तेवढीच काय ती हॅरॉपला दाद. मग मी उभी राहिले आणि सरळ सांगून टाकलं, की दहावी रचना हॅरॉपची नाही. रतनने डोक्याला हात लावला. हरिहरने पेनचं टोपण काढलं.

"वाक्य," तानाजी म्हणाला.

तेवढ्यात मला शेवटच्या रांगेत चंदू दिसला. पांढरा शर्ट, गुडघ्यांत रेक्झिनच्या पिशवीतली गिटार, शेजारी नऊवारीत मनुबाई. पायाशी छोटा स्पीकर. ते मधल्या गाण्यांच्या वेळी कधीतरी येऊन बसले असणार. ते वाक्य आता मला त्या माणसाच्या तोंडावर म्हणायचं होतं. 

"कसला वाक्य?" मागून चंदूने विचारलं.

तानाजी मागे वळला. तो काही त्याला ओळखत नव्हता. "बँड सोडला की गिटारवाला अर्धा," त्याने मोठ्याने सांगितलं.

चंदू हसला. "खरा हाय. बावीस वर्सां मीबी त्येच ऐकतंय."

हसला, पण पिशवीची चेन उघडायला गेलेला हात त्याने मागे घेतला. ते बघून मला असा संताप आला की वाक्य मी विसरलेच. "हे चंदू नाखवा," मी म्हटलं. "एकवीरा बेंजो पार्टीचे. बिननावाची यांची आहे. दादा, पुढे या."

तानाजी ताडकन उभा राहिला. "एकवीराचे नाखवा? माझ्या हळदीला तुम्हीच होतात." एवढं बोलून त्याने स्वतःची खुर्ची उचलून पुढे नेऊन ठेवली.

चंदू वाजवायला बसला. कॅसेटवरच्यापेक्षा जरा सावकाश. धून वर चढली, घसरली, थांबली. पुढे त्याने आम्ही न ऐकलेलं काहीतरी जोडलं, मग आणखी काहीतरी, आणि सात मिनिटं कधीच उलटून गेली. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. चंदूने मान वर केली नाही.

शेवटी एकवीराची माणसं त्याला शोधत आत आली. चकचकीत जाकिटं घातलेले चौघे जण, पुढे बेंजो वाजवणारा मोरू. ओरडायला उघडलेलं तोंड त्याने मिटलं. चौघांनी दारातच चपला काढल्या आणि भिंतीला टेकून उभे राहिले. बावीस वर्षं ज्याच्या शेजारी वाजवलं त्याला ते पहिल्यांदाच ऐकत होते, हे त्यांच्या तोंडांवरून कळत होतं.

वाजवणं संपलं. मफलरवाल्या आजोबांनी टाळ्या सुरू केल्या आणि सगळ्या हॉलने त्या उचलल्या.

"दादा," मोरू म्हणाला, "ह्यो कवा बसवलास?"

"मी नाय बसवला. ह्या बायनी मना शिकवला."

"वहीत काय लिहू?" हरिहरने विचारलं.

"काही लिहू नकोस," तानाजी म्हणाला. त्याने रेकॉर्ड कव्हरमध्ये घातली आणि आमच्या टेबलावर ठेवली. परत न्यायला तो काही आला नाही.

मोरू चंदूपाशी उकिडवा बसला होता. "आज हलदीन घे ह्यो. तू एकला वाजव. आमी थांबतो."

चंदू माझ्याकडे बघत होता.

"वाजवू काय, बाय?"

सहा वर्षं मी त्या सात मिनिटांवर बोलत आले होते. आता मी नुसती होकाराची मान हलवली.